मामूची टूल रूम

माझ्या भाच्यांनी माझ्यावर एक नाटक रचलं, ते माझ्याच फोनवर रेकॉर्ड केलं, आणि मी ते माझ्याच अंगठ्याने त्यांच्या सगळ्या खानदानाला पाठवून दिलं. गोष्ट एवढीच आहे. पण त्या गोष्टीवरून एक मुलगी अकरावीत बसणार की बॅग भरून गावी जाणार हे ठरायचं होतं, म्हणून लिहून ठेवतो. लोक ती आपापल्या परीने सांगतात. माझ्या परीने मी सांगायला काय हरकत आहे?

मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. सातवी पास. नापास नाही, पास. आठवीची शाळा खाडीच्या पलीकडे होती. महिनाभर होडीने गेलो, मग वडील आजारी पडले आणि मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लागलो. तिथे भिंतीवर एक रेडिओ टांगलेला असायचा. कंप्रेसरचा आवाज एवढा की रेडिओ कायम पूर्ण मोठा. आठवड्यातून एकदा संध्याकाळी त्यावर एक कौटुंबिक श्रुतिका लागायची. एक मामा आणि त्याच्या गळ्यात पडलेली दोन भाचरं. मामा दर आठवड्याला एक नवा नियम काढायचा, भाचरं तो पंधरा मिनिटांत मोडायची, आणि शेवटी फजिती मामाचीच. आम्ही बर्फाच्या लाद्या आकड्याने ओढत हसायचो. तिचं नाव आता आठवत नाही. मामाचा खोकला मात्र आठवतो. खोटं बोलायच्या आधी तो खोकायचा.

आता मीच मामू आहे. सौदीतल्या यान्बूत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि हॉल.

मला इथे आणलं माझ्या दुल्हाभाईंनी, म्हणजे आपाच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, नवऱ्याने. ते इथल्या एका प्लांटमध्ये फोरमन होते. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला, व्हिसा देणाऱ्या मालकापुढे, कफीलपुढे, उभे राहिले, माझ्या पहिल्या इकाम्याचा, इथे राहायच्या परवान्याचा, फोटो काढायला स्वतःचा शर्ट दिला. मी आज जे खातो त्यात त्यांचा हात आहे आणि हे मी कुणी न विचारता सांगतो. चार वर्षांपूर्वी ते ड्युटीवरून आले, पाणी मागितलं, आणि आपा पाणी घेऊन येईपर्यंत संपले होते. आपा इथल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स. मुली तेव्हा बारा आणि सहा वर्षांच्या. सासरच्यांनी सांगितलं, परत या. आपा म्हणाली, माझी नोकरी इथे आहे, मुलींची शाळा इथे आहे. मग मी कंपनीच्या कॅम्पातला बंक सोडला, साहेबांच्या हातापाया पडून बाहेर राहायची परवानगी काढली, आणि एक ट्रंक आणि एक उशी घेऊन आपाकडे राहायला गेलो. माझं लग्न झालेलं नाही. का झालं नाही, तो या लिखाणाचा विषय नाही.

प्लांटमध्ये मी टूल रूम सांभाळतो. कामगार खिडकीशी येतो, आपल्या नंबराचं टोकन देतो, पाना घेऊन जातो. पाना परत येईपर्यंत त्याच्या हुकवर ते टोकन टांगलेलं. बोर्डाकडे नुसतं बघितलं की कळतं, काय कुणाकडे आहे. सोळा वर्षांत माझ्या खिडकीतून एक रिंग स्पॅनर हरवलेला नाही.

आपाच्या ड्युट्या बदलत्या, माझी सकाळी सहाची कंपनीची बस. घरी आलो की कोण कुठे आहे याचा पत्ता लागायचा नाही. मी काळजी करणारा माणूस आहे, ते लपवत नाही. मग मी प्लायवूडचा तुकडा आणला, हुक मारले, वर लिहिलं: शाळा, बकाला, गच्ची, शेजारी. बकाला म्हणजे खालचं किराणा दुकान. रद्द झालेली दोन टोकनं घासून मुलींना दिली. बाहेर जायचं तर टोकन त्या हुकवर लावून जायचं. आपा हसली, पण पहिल्याच आठवड्यात तीही दारातून आत येताना आधी बोर्ड बघायला लागली.

यंदा हजच्या आधी हॉस्पिटलात यादी लागली. दरवर्षी इथून काही नर्सेस मक्केला पाठवतात, यंदा आपाचं नाव त्यात होतं. सहा आठवडे. तिला जायचं होतं. आलेल्या लोकांना पाणी पाजायचं, पट्टी बांधायची, यापेक्षा मोठं काय, असं तिचं म्हणणं. प्रश्न एकच होता, गावी सांगायचं की नाही.

गावी म्हणजे बडे अब्बा. दुल्हाभाईंचे थोरले भाऊ. मुली त्यांना बडे अब्बा म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो. वाईट माणूस नाही. दर मोसमात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती आमच्यासाठी आंबापोळी पाठवतात. पण त्यांना वाटतं, भावाच्या मुली म्हणजे आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू, आणि ती आम्ही अडकवून ठेवली आहे.

"सांगितलं तर म्हणतील पोरी पाठवून दे," आपा बॅग भरताना म्हणाली.

"आणि नंतर कळलं तर?"

"नंतर मी इथे असेन ना. तेव्हा बोलू." मग तिने शाळेचं एक पत्र माझ्या हातात दिलं. तिच्या गैरहजेरीत पालक म्हणून सही मी करायची, असं त्यात होतं. "थोरलीच्या अकरावीचं काही आलं तर बघ."

म्हणजे आम्ही लपवलं. ते चुकलंच. पण का लपवलं, ते वर लिहिलं आहे.

आपा गेल्यावर आम्ही तिघं. थोरली सोळाची, दहावी झालेली, निकाल चांगला लागलेला, आणि सायन्सला जायचं म्हणून डोक्यात पक्कं. धाकटी दहाची, तिच्या डोक्यात पक्कं काहीच नाही, पण तोंड दिवसभर चालू. मी त्यांच्याशी मराठीत बोलतो, त्या मला हिंदीत उत्तर देतात, आपापसात इंग्रजीत भांडतात. फक्त जेवायला बसलो की मराठी, कारण तो मी काढलेला नियम. आणि त्या मराठीत मी त्यांना बर्फाच्या कारखान्यातली ती श्रुतिका सांगायचो. सगळे आवाज काढून. खोकल्यासकट. आठवणीतले भाग आठ-दहा दिवसांत संपले. मग मी बनवून सांगायला लागलो, आणि एके दिवशी धाकटी म्हणाली, "मामू, ये तो हमारे घर का है." म्हटलं, मग काय झालं? प्रत्येक घरात एक श्रुतिका असते, कुणीतरी बोलायला हवं. एवढं बोललो आणि विसरलो. त्या विसरल्या नाहीत.

आता जुम्म्याचं. दर शुक्रवारी मुलींचं कुराणपठण रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर पाठवायचं, ही चार वर्षांची पद्धत. गावात जुम्म्याची नमाज झाली की बडे अब्बांच्या पडवीत माणसं जमतात. चहा होतो, आणि बडे अब्बा स्पीकर लावून भावाच्या मुलींचा आवाज सगळ्यांना ऐकवतात. परदेशात असूनही मुली वळणात आहेत, याचा तो दाखला. आमच्यासाठी ती आठवड्याची हजेरी होती. गाव आमच्या अडीच तास पुढे, म्हणून मला इथे सकाळीच पाठवावं लागतं.

थोरलीला स्वतःचा फोन मी दिलेला नाही. सगळं रेकॉर्डिंग माझ्याच फोनवर. तिथे फाईलींना नाव नसतं, नुसते आकडे. त्या शुक्रवारी मुली झोपल्या होत्या. मी आंघोळ करून, अत्तर लावून, घाईत होतो. आदल्या दिवशीच्या दोन फाईली दिसल्या. एक चार मिनिटांची, एक अकरा मिनिटांची. मला वाटलं, वा, परीक्षा झाल्यापासून पोरींनी पाठ वाढवला. ऐकून बघायचं सोडून मला अभिमानच वाटला. अकरा मिनिटांची पाठवली, फोन सायलेंट करून चार्जिंगला लावला आणि मशिदीत जाऊन पहिल्या रांगेत बसलो.

परत आलो तर फोन तापलेला. बडे अब्बांचे सात कॉल. चुलत्या, आत्या, कधी न बोलणारे लोक. ग्रुपवर शंभराच्या वर मेसेज. मी ती फाईल उघडून उभ्या उभ्याच ऐकली.

आधी कुकरची शिट्टी. मग माझा आवाज. म्हणजे थोरलीने काढलेला माझा आवाज, पण एवढा माझा की मी मागे वळून बघितलं.

"थांब. कुठे चाललीस?"

"बकाल्यात," धाकटी धाकटीच होती. "खुबूस-रोटी आणायला."

"टोकन लावलंस?"

"मामू, बकाला खाली आहे. खिडकीतून दिसतो."

"खिडकीतून चंद्रपण दिसतो. टोकन लाव. किती मिनिटांसाठी इश्यू करू तुला?"

"पाच."

"जशी चाललीस तशीच परत यायचं. ओरखडा नको. आणि जरा इकडे ये, उभी राहा. तुझा साइज बदललाय."

"म्हणजे?"

"दहा नंबरचा पाना होतीस, बारा नंबरचा झालीस. जुन्या हुकवर बसत नाहीस. आता नवीन खिळा मारायला पाहिजे. तुझ्या अम्मीला काय सांगू मी? ती सहा आठवडे मक्केत हज ड्युटीवर, मीच मॅनेजर, मीच फोरमन, आणि माल रोज वाढतोय."

मग ताटांचा आवाज, मग करपलेल्या भातावर माझं एक भाषण, आणि मग शाळेचं पत्रक.

"मामू, शाळेतून कागद आलाय."

खोकला. माझा. त्या रेडिओतल्या मामाचा. "वाच तू. माझा चष्मा कुठे आहे कोण जाणे."

"चष्मा तुमच्या नाकावर आहे."

"हा लांबचा आहे."

"मग लांब धरून वाचा."

"तू वाच म्हटलं ना."

"बरं. लिहिलंय की शनिवारी सगळ्या मामूंनी मुलांना समुद्रावर न्यायचं आणि आइस्क्रीम द्यायचं."

"शाळेने लिहिलंय?"

"प्रिन्सिपल मॅडमची सही आहे."

"मग काय इलाज. नियम म्हणजे नियम. टोकनं काढा."

मी हसलो. खरंच सांगतो, शंभर मेसेज येऊन पडलेले असताना मी दारात उभा राहून हसलो. चष्म्याचं ऐकून हसू थांबलं. इंग्रजी कागद आला की मी चष्मा शोधतो, हे खरं आहे. मला वाटायचं कुणाला कळत नाही.

मग फोन पुन्हा वाजला. सलाम झाला, तब्येतीची चौकशी झाली. बडे अब्बा रागातसुद्धा ते चुकवत नाहीत.

"पडवीत वीस-पंचवीस माणसं होती," ते म्हणाले. "मी आवाज मोठा करून ठेवला होता. सगळ्यांना वाटलं सुरुवात होते आहे, म्हणून लोक मान खाली घालून बसले. आणि आतून कुकरची शिट्टी."

"माझ्याकडून चुकलं, बडे अब्बा. फाईल दुसरी होती."

"फाईलचं राहू दे. तुझी बहीण कुठे आहे?"

"मक्केत. हज ड्युटीवर."

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"आणि पोरी शाळेतून आल्यापासून तू येईपर्यंत घरात एकट्या."

"दार आतून बंद असतं. शेजारी तिच्याच हॉस्पिटलातल्या एक सिस्टर राहतात, त्या बघून जातात. शिवाय बोर्ड आहे."

"बोर्ड," ते म्हणाले. "ऐकला तुझा बोर्ड. माझ्या भावाच्या पोरी काय पाने-पक्कड आहेत रे? इश्यू करतोस आणि जमा करतोस?"

यावर मला बोलायचं होतं. जिथे मी काम करतो तिथे इश्यू केलेली वस्तू परत आली नाही तर आम्ही सुट्टी होऊ देत नाही, गेट बंद करतो. पण तोंडातून फक्त "जी" निघालं.

"थोरलीला पाठवून दे. ईदनंतर आमचा एक जण निघतोय जेद्दाहून बायको-मुलांसह, त्यांच्याबरोबर येईल. इथे घर भरलेलं आहे, माणसं आहेत. पुढचं बघू."

"अकरावीची सीट पक्की करायची आहे या आठवड्यात."

"करू नकोस. सातवी शिकलेल्या माणसाने सोळा वर्षांच्या मुलीचं काय ठरवायचं? तुला इथून कुणी नेलं ते विसरू नकोस."

"जी," मी म्हटलं. दुसऱ्यांदा.

बडे अब्बांच्या घरात 'पुढचं बघू' म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुलींचं पुढचं असंच बघितलं गेलं. दोघी सुखात आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यातल्या मोठीने एकदा माझ्याकडे या थोरलीची जुनी गणिताची वही मागितली होती, नुसती सोडवून बघायला. तेव्हा तिला दोन मुलं झालेली होती.

फोन ठेवला तर दोघी खोलीच्या दारात. धाकटीने सगळं आधीच ऐकलं होतं, कारण ती नेहमी ऐकते. थोरली पुढे आली.

"मामू, मैं सॉरी बोल देती हूँ," ती म्हणाली. "व्हॉइस नोट में. बडे अब्बा को. बोलूँगी सब झूठ था, मज़ाक था."

"काय खोटं होतं?"

तिने धाकटीकडे बघितलं.

"भात करपला नव्हता?"

"करपला था."

"चष्म्याचं?"

ती खाली बघायला लागली. धाकटी म्हणाली, "वो तो सबसे सच्चा था," आणि थोरलीने तिला कोपर मारलं.

"मग माफी कशाची मागायची?" मी म्हटलं. "फाईल मी पाठवली, माफी मी मागितली. लपवलं आम्ही मोठ्यांनी, त्याचीही मागेन. तुमचं काय चुकलं? चांगलं केलंय. धाकटीचा आवाज मध्ये मध्ये बारीक येतो, तेवढं बघा."

बोललो खरं, पण ते पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शुक्रवार ते बुधवार. बुधवार ईदच्या सुट्टीआधीचा शाळेचा शेवटचा दिवस, तोपर्यंत सही झाली नाही तर सीट दुसऱ्याला जाणार. टूल रूममध्ये मी एका माणसाला एकोणीसच्या जागी सतराचा पाना दिला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. तो नुसता परत घेऊन आला.

मनात सारखा एकच हिशेब. दुल्हाभाई असते तर काय म्हणाले असते? माणूस गेला की प्रत्येक जण त्याच्या तोंडून आपल्याला हवं ते बोलून घेतो, बडे अब्बाही आणि मीही, म्हणून तो प्रश्न मी सोडून दिला. उपकाराचं मात्र सुटेना. ज्यांनी मला आणलं त्यांच्या भावाला मी नाही कसं म्हणू? गावात माझी म्हातारी आई आहे, तिला त्याच पडवीपुढून रोज जावं लागतं.

आपाला मी तीन वेळा फोन लावला. लागला नाही. मंगळवारी दुपारी तिचा व्हॉइस नोट आला, पंधरा-वीस सेकंदांचा. मागे गाड्यांचा आणि माणसांचा गलका. "उन्हाने लोक नुसते पडतायत. बारा बारा तास उभी आहे. रात्री फोनला हात लावायची ताकद नसते. घरी सगळं ठीक ना? ठीक असेल तर उत्तर नको देऊ, मी समजेन."

मी उत्तर रेकॉर्ड केलं. सगळं सांगितलं, पडवी, बडे अब्बा, जेद्दाहून निघणारी फॅमिली, बुधवार. तीन मिनिटं झाली. मग ते पाठवायच्या आधी स्वतःच ऐकलं, या वेळी मात्र ऐकलं. आवाज रडका होता. आणि त्यात मी एकदाही म्हटलेलं नव्हतं की मला काय वाटतं. सगळं तिच्यावर टाकून मी मोकळा होत होतो, आणि ती तिकडे उन्हात कुणाच्या तरी डोक्यावर बर्फ धरून उभी.

ते मी पुसून टाकलं. उत्तर दिलं नाही. म्हणजे ती समजणार, सगळं ठीक आहे. मग ते ठीक करायला हवं होतं.

बुधवारी अर्धी सुट्टी टाकून थोरलीला घेऊन शाळेत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी हिंदीत विचारलं, "आप फादर?"

"मामू." मी आपाने दिलेलं पत्र पुढे केलं.

त्यांनी ते वाचलं, फॉर्म दिला. दोन पानं, बारीक इंग्रजी. मागे रांग होती. हात सवयीने खिशाकडे गेला, चष्मा शोधायला. मग मी थोरलीला म्हटलं, त्या बाईंसमोर, रांगेसमोर, "मला इंग्रजी नीट येत नाही. तू एकेक ओळ वाच आणि मराठीत सांग. काही बदलू नकोस."

तिने वाचलं. विषय, वर्षभर शाळा न बदलण्याची अट, प्रयोगशाळेत मोडतोड झाली तर जबाबदारी कुणाची. मी प्रत्येक ओळीला विचारलं, म्हणजे काय? मागचा एक गृहस्थ घड्याळ बघायला लागला, त्याला म्हटलं, भाई, दो मिनट, लड़की का मामला है. तो म्हणाला, आराम से. शेवटी खाली सहीची जागा. मी मराठीत सही केली.

"इंग्लिश में नहीं करते?" बाईंनी विचारलं.

"सही है. ऐसी ही है," मी म्हटलं.

त्यांनी शिक्का मारला.

बाहेर आलो. ऊन एवढं की गाड्यांच्या टपांकडे बघवत नव्हतं. थोरलीला भिंतीच्या सावलीत उभं केलं आणि तिथूनच फोन लावला. लपवाछपवी एकदा केली होती, ती पुन्हा करायची नव्हती. आणि थांबलो असतो तर माझी हिंमत गेली असती, हेही खरं.

"बडे अब्बा, फॉर्म भरला. मी सही केली. सायन्स."

पलीकडे कुणीतरी नारळ सोलत असल्याचा आवाज.

"मी नको म्हटलं होतं."

"हो. ऐकलं होतं."

"मग?"

"मग तरी केली," मी म्हटलं. "बहीण मक्केला गेल्याचं लपवलं ते आमचं चुकलं. त्याची माफी मागतो, हवं तर पडवीत सगळ्यांसमोर ऐकवा. दुल्हाभाईंनी मला इथे आणलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. विसरलो नाही म्हणूनच त्यांच्या पोरीला शाळेतून काढून देत नाही. मला कुणी काढलं नव्हतं बडे अब्बा, मी आपोआप सुटलो. कुणी धरलं असतं तर बरं झालं असतं."

"तू मला शिकवतोस?"

"नाही. सांगतोय."

"पोरी तुझ्यावर हसतात. सगळं गाव हसलं."

"हसू द्या ना. मी ऐकलं, मलाही हसू आलं. माझ्यावर हसतात आणि मी हाक मारली की जेवायला येतात. आणखी काय पाहिजे पोरींकडून?"

"तिथे काही झालं तर?"

हा प्रश्न त्यांनी रागाने विचारला नव्हता. तो त्यांचा खरा प्रश्न होता, आणि तो माझाही आहे, रोज सकाळी सहाच्या बसमध्ये. 

"गावात काही झालं तर?" मी म्हटलं.

ते म्हणाले, "मग आता तूच बघ तिचं."

"बघतोय," मी म्हटलं. "चार वर्षं बघतोय."

त्यांनी फोन ठेवला. मी गाडीच्या दाराला जुडग्यातली भलतीच किल्ली लावत होतो. थोरली जवळ आली, माझ्या हातातून जुडगा घेतला, दार उघडून दिलं, आणि पलीकडे जाऊन बसली.   अर्ध्या रस्त्यात तिने विचारलं, "नानी को कुछ बोलेंगे क्या गाँव में?"

"बोलतील," मी म्हटलं. "तुझी नानी ऐकून घेणारी बाई नाही."

दोन दिवसांनी, शुक्रवारी, आम्ही चार मिनिटांचं पठण पाठवलं. या वेळी मी आधी दोनदा ऐकलं. ग्रुपवर नेहमीसारखे माशाअल्लाह आले, बडे अब्बांचा मात्र आला नाही. पडवीत त्यांनी लावलं की नाही कोण जाणे. आंबापोळी यंदा आली नाही. ते माझ्याशी अजून बोलत नाहीत. बोलावं असं मला वाटतं, ईदला मी दोनदा फोन केला, उचलला नाही. पुन्हा करेन. पण सहीबद्दल विचारलं तर तेच सांगेन.

आपा हज संपल्यावर आठवड्याने आली. बस हॉस्पिटलपाशी सोडते, तिथून मी तिला आणलं. काळी पडली होती, पायांना पट्ट्या, आवाज बसलेला. गाडीतच मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, मध्ये न थांबता. फाईल, पडवी, बडे अब्बा, फॉर्म, पार्किंगमधला फोन. तिने डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपली. मला वाटलं, आता म्हणेल, माझ्या सासरशी तू माझ्या नावाने भांडण कसं केलंस, मला न विचारता.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने डोळे उघडले.

"सायन्सच ना?" तिने विचारलं.

"सायन्सच."

"गणित घेतलं तिने?"

"घेतलं. मी विचारलं होतं, म्हणजे काय काय येतं त्यात."

"झालं तर मग, खलास," ती म्हणाली आणि सीट मागे केली. "घर आलं की उठव."